बोली जिंकल्यानंतरचा नकार

भंडारा जिल्ह्यात ऑनलाइन लिलाव म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे जुना कॅमेरा किंवा दुर्मीळ घड्याळ येत नाही. येतात ते वैनगंगा, चुलबंद आणि बावनथडीचे रेतीघाट, तेंदूपत्त्याचे घटक, कारखान्यांचं भंगार आणि हप्ते थकले म्हणून ओढून नेलेले ट्रॅक्टर. पूर्वी यांचा हर्रास कचेरीच्या आवारात व्हायचा. खुर्च्या, चहा, कानाशी कुजबुज आणि मग एक वार, दोन वार, तीन वार. आता बोलीदार तुमसरच्या दुकानात नाहीतर लाखनीच्या घरात बसून आकडा टाकतो. पडद्यावरचं घड्याळ उलटं मोजत येतं, शेवटच्या मिनिटांत कुणी बोली वाढवली तर वेळ आपोआप वाढते, आणि सगळं थांबल्यावर ज्याचा आकडा सर्वांत वर तो ‘एच-वन’ ठरतो.

भांडण सुरू होतं ते त्यानंतर. एच-वन ठरलेल्याला माल मिळतोच असं नाही. विकणारा म्हणतो, भाव कमी आला, फेरलिलाव करू. कधी म्हणतो, संगणकात चूक झाली. कधी काहीच म्हणत नाही, नुसते महिने जाऊ देतो. घेणारा मागे हटला तर त्याची अनामत जप्त होते, नाव काळ्या यादीत जातं. विकणारा मागे हटला तर काय, याचं उत्तर तो विकणारा कोण आहे यावर ठरतं, आणि माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. सरकार नकार देतं तेव्हा कायदा बहुधा सरकारच्या बाजूनं उभा राहतो. धान विकणाऱ्या शेतकऱ्याला नकाराचा हक्क आहे, पण तो वापरायची ऐपत नाही. मोबाइलवर वस्तू विकणाऱ्या फुटकळ विक्रेत्याला तो हक्क नाही, पण त्याला अडवणारंही कुणी नाही. नकार देण्याची ताकद आपल्याकडे नेमकी उलटी वाटली गेली आहे.

लिलावाचा मूळ कायदा फार गुंतागुंतीचा नाही. जंगम मालासाठी 1930 च्या माल विक्री कायद्याचं 64 वं कलम आहे. हातोडा पडला किंवा रूढ पद्धतीनं पुकारा संपला की विक्री पूर्ण. तोवर बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. याचं मूळ 1789 मधल्या पेन विरुद्ध केव्ह या इंग्रजी खटल्यात सापडतं. लिलावाची जाहिरात म्हणजे नुसतं बोलावणं, बोली हा प्रस्ताव आणि हातोडा ही त्याची स्वीकृती. म्हणजे हातोडा पडेपर्यंत दोघंही मोकळे, पडल्यावर दोघंही बांधलेले. समोरासमोरच्या लिलावात तो क्षण सगळ्यांना ऐकू यायचा. ऑनलाइन लिलावात घड्याळ शून्यावर आलं म्हणजे हातोडा पडला का? आपल्याकडे याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही, अटींच्या पानावर असतं, आणि सरकारी लिलावाच्या अटींचं पान जवळपास नेहमी म्हणतं की नाही, अजून पडलेला नाही.

यावरचा एक महत्त्वाचा निकाल भंडाऱ्याच्या शेजारचाच आहे. नागपूर सुधार प्रन्यासच्या एका भूखंडाच्या लिलावावरून लक्ष्मीकांत विरुद्ध सत्यवान हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1996 मध्ये निकाल लागला. न्यायालयाचं म्हणणं असं की लिलाव पूर्ण होऊन कुणी सर्वोच्च बोलीदार ठरला, तरी विश्वस्त मंडळाची मंजुरी आणि तिचं पत्र हाती येईपर्यंत त्याला कुठलाही हक्क मिळत नाही, कारण कोणतीही बोली नाकारायचा अधिकार प्रन्यासनं अटींतच राखून ठेवला होता. त्यानंतर राजस्थान गृहनिर्माण मंडळ, हरियाणातलं नगरविकास प्राधिकरण, पंजाब सरकार अशा एकामागून एक प्रकरणांत हेच सूत्र पुढे गेलं. ई-लिलावात हरलेल्या, म्हणजे खरं तर जिंकून हरलेल्या माणसापुढे सरकारी वकील पहिला निकाल ठेवतो तो याच माळेतला.

त्यात राज्यघटनेच्या 299 व्या कलमाची भर पडते. सरकारचा करार राज्यपालांच्या किंवा राष्ट्रपतींच्या नावे, अधिकार असलेल्या माणसाच्या सहीनं झाला नसेल तर तो सरकारवर बंधनकारक ठरत नाही. गंमत अशी की ही ढाल दोन्ही बाजूंनी चालते. मध्य प्रदेशातल्या जंगल लिलावात बोली जिंकूनही करारावर सही न करणाऱ्या के. पी. चौधरी या ठेकेदाराकडून सरकार फेरलिलावातली तूट वसूल करायला निघालं, तेव्हा 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारलाच सांगितलं की रीतसर करारच झालेला नाही. पुढे अनामतीच्या अटी कडक झाल्या आणि घेणाऱ्याची ती पळवाट बुजली. विकणाऱ्याची राहिली.

या अधिकारामागे कारण नाही असं मी म्हणणार नाही. घाट असो की भंगार, बोलीदार आपसांत ठरवून येतात. आज तू, उद्या मी, असा हिशेब होतो आणि सार्वजनिक मालमत्ता हातच्या, म्हणजे आधी ठरवलेल्या किमान, किमतीच्या आसपास निघून जाते. अशा वेळी अधिकाऱ्याला बोली नाकारता आली नाही तर नुकसान सगळ्यांचंच. अडचण अधिकारात नाही, त्याला मुदत आणि कारण यांचं बंधन नसण्यात आहे.

रेतीघाटांकडे पाहिलं की हे नीट दिसतं. घाटाच्या लिलावात सरकार तोंडावर नाही म्हणत नाही. नकार येतो तो कागदांच्या वाटेनं. 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पाच हेक्टरांपेक्षा लहान गौण खनिजाच्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं, आणि ते योग्यच होतं. नदीचं पात्र तुकड्यांत विकून नियम टाळायची पद्धत त्यानं बंद झाली. पण तेव्हापासून घाटाची पाहणी, जिल्हा सर्वेक्षण अहवाल, ग्रामसभेचं म्हणणं, राज्य पातळीवरची मंजुरी, मग लिलाव, मग करारनामा, मग प्रत्यक्ष ताबा अशी लांब रांग तयार झाली. पावसाळ्यात, 10 जून ते 30 सप्टेंबर, उपसा बंद. मुदत तारखेशी बांधलेली असेल आणि ताबा मार्चमध्ये मिळाला, तर बोलीदारानं पैसे मोजले वर्षाच्या रेतीचे आणि हाती आले उन्हाळ्याचे तीन महिने. लेखी नकार कुठेही नाही, त्यामुळे दाद कशाविरुद्ध मागायची हाही प्रश्नच. असा बोलीदार मग नुकसान भरून काढायला काय करतो, ते वैनगंगेच्या काठावरच्या कुठल्याही गावात विचारा. मंजूर ब्रासपेक्षा जास्त उपसा, रात्रीचे टिप्पर, एकाच वाहतूक पासवर दोन फेऱ्या. दोष त्याचा आहेच. पण विकणाऱ्यानं सौदा वेळेवर न पाळण्याचाही त्यात वाटा आहे, आणि तो कुठल्याही पंचनाम्यात येत नाही.

भर म्हणून धोरण फिरत राहतं. 2019 चं रेती धोरण आलं, 2022 मध्ये ते बदललं, 2023 मध्ये लिलाव बाजूला ठेवून सरकारनं स्वतःच डेपोतून 600 रुपये ब्रासनं रेती विकायचं ठरवलं, आणि एप्रिल 2025 मध्ये पुन्हा ई-लिलावाकडे परतण्याचा निर्णय झाला. घाट लिलावाविना राहिला म्हणून रेती नदीत राहत नाही, हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून माझा ग्रह असा, की घाटांच्या बाबतीत खरा प्रश्न बोलीच्या रकमेचा नाही. सगळ्या मंजुऱ्या हाती असतील तरच घाट लिलावात घ्यावा, आणि घड्याळ थांबल्यापासून ठरावीक दिवसांत ताबा न दिल्यास मुदत तेवढी पुढे सरकावी किंवा व्याजासह पैसे परत यावेत. एवढं झालं तरी निम्मी भांडणं मिटतील.

भंगाराच्या धंद्यात मामला जरा स्वच्छ आहे. सरकारी कारखाने आणि कंपन्या आपलं भंगार मोठ्या प्रमाणात एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावरून विकतात. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीच्या खाणी याच जिल्ह्यात आहेत, आणि मॉइलही आपल्या मँगनीजचा काही भाग ई-लिलावानं विकते. या बाजारात ‘एसटीए’ ही तीन अक्षरं सगळ्यांच्या तोंडी असतात. बोली सर्वोच्च असली तरी विकणाऱ्याच्या मंजुरीच्या अधीन, असा त्याचा अर्थ. निदान इथे बोली लावणाऱ्याला आधीच कळतं की आपली बोली एसटीएमध्ये गेली तर वाट पाहावी लागेल. हे मला चालण्यासारखं वाटतं. नकाराचा हक्क पुकारा सुरू होण्याआधी उघड सांगितला असेल, तर तो कितीही कठोर असला तरी फसवणूक होत नाही.

फसवणुकीच्या जवळ जाणारं प्रकरण घडलं ते कोळशात. 2005 मध्ये भारत कोकिंग कोल या सरकारी कंपनीनं ई-लिलाव केला. उत्तर प्रदेशातल्या पी. आर. ट्रान्सपोर्ट एजन्सीची 4,000 टनांची बोली जिंकली, 19 जुलैला ई-मेलनं स्वीकृतीपत्र आलं, एजन्सीनं 81.12 लाख रुपये भरले, कंपनीनं धनादेश वटवला. कोळसा काही आला नाही. आला तो दुसरा ई-मेल, की तांत्रिक आणि अपरिहार्य कारणांमुळे लिलाव रद्द. खुलासा असा दिला गेला की दुसऱ्या कुणाची यापेक्षा जास्त बोली संगणकाच्या चुकीमुळे मोजलीच गेली नव्हती. अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे पहिला वाद झाला तो कोळशाचा नव्हे, तर जागेचा. कंपनी झारखंडची, मग दावा उत्तर प्रदेशात कसा? न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या आधारे सांगितलं की ई-मेल जिथे पोचला असं कायदा धरतो, म्हणजे ज्याला आला त्याच्या धंद्याच्या ठिकाणी, तिथे करार झाला. ऑनलाइन लिलावावरच्या भारतीय निकालांत हा अगदी सुरुवातीचा आणि आजही उपयोगी पडणारा.

अलीकडे न्यायालयांचा सूर थोडा बदलतो आहे. अमृत फीड्स या दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीच्या मालमत्तेचा ई-लिलाव जुलै 2021 मध्ये झाला. 10 कोटींच्या राखीव किमतीला एकच बोली आली, ती ईव्हा अ‍ॅग्रो फीड्सची. अवसायकानं ती रद्द करून पुन्हा लिलाव काढायचं ठरवलं. पुढच्या वेळी जास्त येतील ही आशा. 6 सप्टेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसत्या अधिक किमतीच्या अपेक्षेवर वैध बोली रद्द करता येत नाही, आणि नकाराला कारण द्यावं लागेल. सर्वोच्च बोलीदाराला हक्क नाही, हे जुनं सूत्र यानं पुसलं गेलेलं नाही. पण विकणाऱ्याला मनमानीही करता येणार नाही, ही दुसरी बाजू त्या सूत्राच्या जोडीला आली.

त्याच महिन्यात महाराष्ट्रातला त्याहून मोठा निकाल लागला. बाफना मोटर्सनं युनियन बँकेचं कर्ज थकवलं. तारण होती ती नवी मुंबईतल्या एमआयडीसीची जमीन. आठ लिलाव फसले. 2023 च्या जूनमधल्या नवव्या लिलावात राखीव किंमत 105 कोटी होती आणि सेलिर या कंपनीनं 105.05 कोटींची बोली जिंकली. मग कर्जदार पुढे आला आणि 129 कोटी देऊन मालमत्ता सोडवून घेतो म्हणाला. बँकेला 24 कोटी जास्त मिळत होते, ती कशाला नको म्हणेल? मुंबई उच्च न्यायालयानं परवानगीही दिली. सर्वोच्च न्यायालयानं 21 सप्टेंबरला ती रद्द केली. बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर कर्जदाराचा सोडवणुकीचा हक्क लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच चालतो. त्यानंतर बँक आणि कर्जदार मिळून जिंकलेल्या बोलीदाराला बाजूला सारू शकत नाहीत. नाहीतर बँकेच्या लिलावात बोली लावायला कोण येईल, हा त्यामागचा साधा व्यवहार. एवढ्यानंही मालमत्ता सहज हाती आली नाही. अवमानाची याचिका करावी लागली आणि 2024 च्या डिसेंबरात पुन्हा सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं. 105 कोटींच्या बोलीदाराची ही वाटचाल पाहिली की साकोलीतला एखादा दुकानगाळा बँकेच्या लिलावात घेणाऱ्यानं काय अपेक्षा ठेवावी, याचा अंदाज येतो. त्याला दाद मागायला नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जावं लागतं. विकत घेणाऱ्यानं 25 टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे आणि उरलेले वेळेत भरले नाहीत तर सगळं जप्त, ही अट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा उचलून धरली आहे. बँकेनं मंजुरी द्यायला उशीर केला तर तिचं काय जप्त होतं, याचा नियम मला सापडला नाही.

आता धानाकडे येऊ, कारण तिथे चित्र उलटं होतं. बाजार समितीच्या हर्रासात पुकारा संपला तरी भाव पटला नाही तर शेतकरी माल द्यायला नाही म्हणू शकतो. 14 एप्रिल 2016 रोजी सुरू झालेल्या ई-नाम या ऑनलाइन शेतमाल बाजारातही ही सोय मुद्दाम ठेवली आहे. व्यापाऱ्यांच्या बोल्या पडद्यावर येतात, सर्वोच्च भाव शेतकऱ्याला कळतो, आणि तो स्वीकारायचा की नाकारायचा हे तो ठरवतो. म्हणजे जिंकलेली बोली नाकारणारा विक्रेता इथे कायद्यानंच मान्य केला आहे, आणि तो असायलाच हवा. ज्याच्याकडे वर्षाचं एकच पीक आहे आणि समोर मूठभर व्यापारी आहेत, त्याच्या हातात नकाराशिवाय सौद्याचं दुसरं हत्यार नाही.

पण तुमसरच्या यार्डात ढीग मांडून बसलेल्या माणसाला हा हक्क वापरून पाहा म्हणावं. ट्रॅक्टर भाड्याचा, हमाली दिलेली, बारदाना उसना, घरी सोसायटीचं कर्ज, आणि आभाळ भरून आलेलं. नाही म्हटलं तर धान परत न्यायचा किंवा उघड्यावर ठेवायचा. शिवाय उद्या येणारे व्यापारी तेच. त्यामुळे बोली कितीही कमी असली तरी मान हलते. आधारभूत केंद्रावर साधारण धानाचा भाव 2025-26 साठी 2,369 रुपये क्विंटल आहे. पण तिथे नोंदणी, गोदाम आणि चुकाऱ्याची वाट हे सगळं पार करेपर्यंत ज्याला थांबता येत नाही तो खुल्या बाजारात येतो, आणि थांबता न येणं हेच त्याचं दुखणं. यावरचा उपाय नवा नाही. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून आहे: माल गोदामात ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत सहा टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी पैसे उचला, भाव आला की विका. ही योजना म्हणजे शेतकऱ्याला नाही म्हणता यावं यासाठी दिलेलं भांडवल आहे. बाजार समितीनं गोदाम बांधलं नाही किंवा तारणासाठी पैसे ठेवले नाहीत, तर ई-नामच्या पडद्यावरचं नकाराचं बटण शोभेपुरतं उरतं.

उरला तो फुटकळ विक्रेता. 2000 साली सुरू झालेलं बाझी डॉट कॉम हे भारतातलं पहिलं नावारूपाला आलेलं लिलावाचं संकेतस्थळ. 2004 मध्ये ते ईबेनं घेतलं आणि 14 ऑगस्ट 2018 रोजी ईबे इंडिया बंद झालं. आज लहान लिलाव चालतात ते व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकच्या गटांवर: जुनी नाणी, नोटा, तिकिटं, पितळेची जुनी भांडी. फोटो, सुरुवातीची किंमत, रात्री अमुक वाजेपर्यंत बोली. वेळ संपते, एकाची बोली वर राहते, आणि विक्रेता गप्प. दुसऱ्या दिवशी कळतं की नाणं घरात सापडत नाही, किंवा भावानं आधीच कुणाला दिलं. खरं कारण बहुधा दोहोंपैकी एक असतं. भाव अपेक्षेपेक्षा कमी आला, किंवा आतून कुणी जास्त देऊ केलं. काही जण तर स्वतःच्याच माणसाकडून बोली वाढवून घेतात आणि तोच जिंकला की विक्री झाली नाही म्हणतात. 64 व्या कलमात याला नाव आहे. विक्रेत्यानं खोट्या बोलीनं किंमत चढवली तर घेणाऱ्याला सौदा रद्द करता येतो. पण जिंकलेला असतो विक्रेत्याचाच माणूस. खऱ्या बोलीदारानं रद्द काय करायचं?

जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयानं या कोड्यावर 2016 मध्ये असं उत्तर दिलं की खोट्या बोल्या वजा करा, खरी बोली जेवढी उरते तेवढ्यात सौदा झाला. गोल्फ नावाच्या एका मोटारीची खरी बोली दीड युरोची निघाली आणि विक्रेत्याला 16,500 युरोंची भरपाई द्यावी लागली. त्याआधी 2014 मध्ये तिथेच एका युरोपासून सुरू केलेला पसाट गाडीचा लिलाव विक्रेत्यानं मध्येच बंद करून गाडी बाहेर विकली, तेव्हा त्याला 5,249 युरो मोजावे लागले. जर्मनीत वस्तू लिलावाला लावणं हाच बंधनकारक प्रस्ताव धरतात. पेन आणि केव्हच्या परंपरेला हे पटणारं नाही. तरी त्या परंपरेतही विक्रेता सुटतोच असं नाही. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं विरावे जातीचं एक विमान ईबेवर 1,50,000 डॉलरना गेलं आणि मालकानं पाठ फिरवली. 2007 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या न्यायालयानं त्याला विमानच द्यायला लावलं. इंग्लंडमध्ये राखीव किंमत नसलेल्या लिलावात दोन नव्या यंत्रांना प्रत्येकी 200 पौंडांची बोली आली म्हणून लिलाव करणाऱ्यानं ती मागे घेतली. 2000 सालच्या अपिलात त्याला 27,600 पौंडांची भरपाई बसली.

आपल्या कायद्यातही हत्यारं आहेत. 2018 च्या दुरुस्तीनंतर विशिष्ट अनुतोष कायद्याखाली करार प्रत्यक्ष पाळायला लावणं हा अपवाद राहिलेला नाही, नियम झाला आहे. शिवाय 30 दिवसांची नोटीस देऊन तोच माल दुसरीकडून घ्यायचा आणि जास्तीचा खर्च नकार देणाऱ्याकडून वसूल करायचा, हाही मार्ग खुला आहे. भंगार आणि धानासारख्या कुठेही मिळणाऱ्या मालाला तो जास्त सोयीचा. एकुलत्या नाण्याला अर्थातच नाही. आणि नाण्यांबद्दल एक बारीकशी गोष्ट. पवनीसारख्या सातवाहनकालीन जागेच्या आसपास जमिनीत सापडलेलं नाणं कुणी लिलावाला लावलं, तर तो सौदा मोडला म्हणून भांडायला जाऊ नये. शंभर वर्षांवरची नाणी 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि जमिनीतल्या ठेव्यावर 1878 चा कायदा लागतो. असा विक्रेता मागे हटला, तर त्यानं एकदाच शहाणपणा केला म्हणायचं.

ग्राहक आयोगाचा रस्ता किती उपयोगी? धंदा म्हणून विकणाऱ्या ई-व्यापाऱ्यानं सौदा फिरवला तर उपयोगी. तक्रार घेणारा राहतो तिथेच करता येते, म्हणजे भंडाऱ्यातच. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत एक चांगलं वाक्य आहे: कंपनी स्वतः ऑर्डर रद्द केल्यावर भुर्दंड सोसणार नसेल, तर ग्राहकानं रद्द केल्यावर तिनं त्याच्याकडूनही घेऊ नये. सगळ्या लिलावांना हे एक सूत्र लावलं तर अनामतीचा सगळा हिशेबच बदलेल. पण सार्वजनिक लिलावात भूखंड घेणारा ग्राहक नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये चंदीगडच्या प्रकरणात सांगून टाकलं आहे. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा व्यापारीही ग्राहक नाही. आणि घरातली एखादी वस्तू विकणारा हौशी माणूस व्यापारी नाही. म्हणजे ज्या भांडणांबद्दल आपण बोलतो आहोत त्यांतली बरीचशी दिवाणी न्यायालयातच जातात.

दिवाणी न्यायालय कुठलं, हा प्रश्न विदर्भाला नवा नाही. 22 जुलै 1959 रोजी अहमदाबादच्या एका पेढीनं खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीशी ट्रंक कॉलवर सरकीच्या ढेपेचा सौदा केला. ढेप आली नाही असं म्हणत अहमदाबादकरांनी 31,150 रुपयांचा दावा तिथेच लावला. खामगावकर म्हणाले, आम्ही होकार दिला तो खामगावातून, खटला खामगावात चालवा. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानं सांगितलं की फोनवरचा होकार जिथे ऐकू आला तिथे करार झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला, जे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिले होते, त्यांचं मत वेगळं पडलं: 1872 च्या करार कायद्याच्या शब्दांप्रमाणे होकार तोंडातून निघाला तिथेच करार होतो. ते मत अल्पमतात राहिलं, म्हणून आज मोहाडीत बसून स्वीकृतीचा ई-मेल वाचणाऱ्याला भंडाऱ्याच्या न्यायालयात उभं राहता येतं, जर अटींच्या पानावर ‘फक्त कोलकात्याच्या न्यायालयात’ असं लिहिलेलं नसेल तर. बहुतेक पानांवर तसं कुठलं ना कुठलं शहर लिहिलेलं असतं.

आणि दावा लावायचा तर पुरावा लागतो. लिलावाचं पान संपल्यावर बऱ्याचदा दिसेनासं होतं, गटातला संदेश पुसला जातो. पडद्याचा फोटो काढून ठेवणं बरं, पण तेवढ्यावर भागत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये ठरवलं ते जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात, अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या प्रकरणात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 63 व्या कलमात त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक पुरावा देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि दोन्हींत फाइलची हॅश किंमत लिहायची. तीन हजारांच्या नाण्यासाठी तज्ज्ञाची फी कोण भरणार? विक्रेता नेमका याच हिशेबावर निर्धास्त असतो.